थॉमस कुक आणि पुत्र, मुक्काम नाईल

नाईलवरची सहलीची बोट आजही लक्सर, एस्ना, एडफू, कोम ओम्बो, अस्वान अशी थांबत जाते. हा क्रम नदीने ठरवला आणि तिच्या काठी देवळे बांधणाऱ्या राजांनी. पण कोणत्या गावी किती तास, वाहन कोणी आणायचे, जेवण कुठे, निजायचे कुठे, हे सगळे पैसे भरून घरून निघतानाच ठरलेले असावे, ही रीत मात्र इंग्लंडमधल्या एका बाप-लेकाच्या पेढीची आहे.

बाप थॉमस कुक. जन्म १८०८, धंद्याने सुतार, पंथाने बाप्टिस्ट आणि दारूचा कट्टर वैरी. ५ जुलै १८४१ रोजी त्याने दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. तिथून स्कॉटलंड, लंडनचे १८५१ चे महाप्रदर्शन, पॅरिस, स्वित्झर्लंड असा पसारा वाढत गेला. १८६८ पासून हॉटेलांची कूपने सुरू झाली. परक्या गावात रोकड न काढता कूपन फाडून द्यायचे आणि खोली घ्यायची, ही सोय पुढे पूर्वेकडे फार उपयोगी पडली.

कुक येण्याआधी नाईलचा प्रवास म्हणजे धनिकांचे काम. कैरोच्या बुलाक धक्क्यावर जाऊन दहबिया नावाची शिडाची घरबोट भाड्याने ठरवायची, कप्तानाशी घासाघीस करायची, करार लिहून घ्यायचा, दुभाष्या आणि स्वयंपाकी नेमायचे. तेव्हाची मार्गदर्शक पुस्तके तर सांगत, की बोट ताब्यात घेण्याआधी ती नदीत बुडवून घ्या, म्हणजे उंदीर आणि किडे मरतील. नदी वाहते दक्षिणेकडून उत्तरेला आणि वारा बहुतेक उत्तरेचा. म्हणून जाताना शिडे उभारून, वारा आहे तोवर देवळेसुद्धा मागे टाकत थेट वर जायचे आणि येताना प्रवाहाबरोबर एकेक ठिकाण बघत उतरायचे. वारा पडला की खलाशी काठावरून दोर ओढत. यात दोन-तीन महिने सहज जात. एवढी सवड आणि एवढा पैसा इंग्लंडातल्या शाळामास्तराकडे किंवा दुकानदाराकडे कुठून असणार?

१८६९ च्या आरंभी थॉमस कुक स्वतः सुमारे तीस जणांचा गट घेऊन नाईलवर आला. इजिप्तचा राज्यकर्ता, म्हणजे खेदिव, इस्माईल याच्या दोन आगबोटी त्याने भाड्याने घेतल्या होत्या. गटात स्त्रियाही होत्या. योगायोग असा, की त्याच हंगामात इंग्लंडचा युवराज आपल्या लवाजम्यासह नदीवर होता आणि त्याच्याबरोबर 'टाइम्स'चा नामांकित बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल. आपल्या मागोमाग ही 'कुकची माणसे' येताहेत याचा रसेलला भारी त्रास झाला. त्याने त्यांची टर उडवली, आणि कुकने थेट युवराजाला उद्देशून पत्र छापून रसेलला उत्तर दिले. या भांडणात माझे मत कुकच्या बाजूने आहे. लक्सरजवळच्या कर्नाकच्या देवळाचे खांब राजपुत्राच्या पाहुण्यांनाच दिसावेत असा काही दंडक नव्हता. पुढे १८७३-७४ मध्ये दहबियाने नाईल पाहणाऱ्या अमेलिया एडवर्ड्स या विदुषीनेही आपल्या पुस्तकात कुकच्या प्रवाशांना चिमटे काढले आहेत. मात्र याच बाई नंतर इजिप्तच्या उत्खननासाठी निधी उभारणारी संस्था काढतात, हेही विसरता येत नाही.

पेढीचे नाव बापाचे असले, तरी नाईलवरचे साम्राज्य लेकाचे. जॉन मेसन कुक. बापाला वाटे की प्रवासाने माणूस सुधारतो. लेकाला हिशेब जुळायला हवा असे. दोघांचे पटले नाही आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीस थॉमसने धंद्यातून अंग काढून घेतले. तोवर जॉनने खेदिवकडून प्रवासी आगबोटींची एजन्सी मिळवली होती, कैरोत शेफर्ड्स हॉटेलच्या आवारात कचेरी उघडली होती आणि लक्सरला हॉटेल बांधले होते. कैरो ते अस्वान आणि परत हा प्रवास आता सुमारे वीस दिवसांत होऊ लागला.

वेग वाढला तरी नदी तीच होती. हिवाळ्यात पाणी उतरले की वाळूचे पट्टे वर येत आणि दरवर्षी जागा बदलत. म्हणून बोटी उथळ तळाच्या, बाजूंना मोठी चाके असलेल्या. नाळेवर एक खलाशी लांब काठी घेऊन पाण्याचा तळ चाचपत ओरडत राही आणि त्याच्या हाकेवर सुकाणू वळे. काठी चुकली की बोट रुतलीच. मग खलाशी पाण्यात उतरून खांदा लावत. काठावर पाय ठेवला की खोगीर घातलेली गाढवे तयार, त्यांच्यामागे पळणारी पोरे तयार. छापील कार्यक्रमात देवळाला जितका वेळ नेमलेला, तितकाच. वेळेची शिस्त होती, पण दगडांवर नाव कोरून ठेवण्याची खोड काही या शिस्तीने मोडली नाही. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांची नावे आजही देवळांच्या भिंतींवर वाचता येतात.

पेढीच्या इतिहासातले सर्वांत चमत्कारिक प्रकरण १८८४ चे. ब्रिटिश जनरल गॉर्डन सुदानमध्ये खार्तूमला वेढ्यात अडकला आणि ब्रिटिश सरकारने त्याच्या सुटकेसाठी निघालेल्या फौजेची ने-आण कुक कंपनीला दिली. सहली काढणाऱ्या कंपनीकडे युद्धाचे कंत्राट! सुमारे अठरा हजार सैनिक, त्यांची रसद, त्यासाठी २७ आगबोटी आणि ६५० शिडाच्या होड्या. त्यांवर राबणारे हात इजिप्शियन फेल्लाहीन शेतकऱ्यांचे, आणि कुकच्या गौरवग्रंथांत ते नुसत्या आकड्यात येतात. फौज पोचली २८ जानेवारी १८८५ ला. गॉर्डन दोन दिवस आधीच मारला गेला होता.

या मोहिमेत खेदिवच्या बोटी खिळखिळ्या झाल्या. जॉनने मग स्वतःचाच ताफा बांधायला घेतला. १८८६ पासून 'तौफिक', 'प्रिन्स अब्बास', 'रामसेस' अशा बोटी पाण्यात उतरल्या. दुरुस्तीला बुलाकला स्वतःचा कारखाना. प्रवाशांच्या देणग्या जमवून १८९१ मध्ये लक्सरला गावकऱ्यांसाठी इस्पितळही काढले. खेड्यापाड्यातून लोक तिथे उपचाराला येत. धंदा आणि धर्मादाय यांत इथे भिंत घालणे अवघड, आणि जॉनने तशी घातलीही नसावी.

याच काळात पेढी मुंबईत आली. १८८१ मध्ये इथे कचेरी उघडली, १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने हज यात्रेकरूंची मुंबई-जेद्दा वाहतूक तिच्याकडे सोपवली. ते काम काही वर्षांतच सुटले, पण मुंबईतली शाखा टिकली.

विसाव्या शतकाचा पाढा भराभर वाचता येतो. जॉन १८९९ मध्ये वारला. १९०२ ला अस्वानचे पहिले धरण पुरे झाले आणि जवळच्या फिली बेटावरचे देऊळ वर्षातला मोठा काळ पाण्याखाली जाऊ लागले. १९२१ मध्ये बांधलेली 'सुदान' ही त्या ताफ्यातली नावाजलेली बोट. अगाथा ख्रिस्तीच्या नाईलवरच्या खुनाच्या कादंबरीवरचा २००४ चा दूरचित्रपट तिच्यावरच चित्रित झाला. १९२८ मध्ये कुक घराण्याने पेढी विकली. १९४८ ला तिचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७२ ला ती पुन्हा खासगी हातांत गेली. अस्वानचे दुसरे, उंच धरण १९७० मध्ये पुरे झाले. त्याआधी अबू सिंबेलची देवळे कापून ६५ मीटर उंच नेली गेली, आणि नंतर फिलीचे देऊळ शेजारच्या अगिल्किया बेटावर हलवून १९८० मध्ये खुले झाले. नदीचा पूर थांबला, पाणी बारमाही एका पातळीवर आले आणि मोठमोठ्या तरंगत्या हॉटेलांना वाट मोकळी झाली. २३ सप्टेंबर २०१९ रोजी मूळची ब्रिटिश कंपनी बुडाली. परदेशांत अडकलेल्या दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवाशांना सरकारने विमाने पाठवून घरी आणले. थॉमस कुक (इंडिया) ही वेगळी, २०१२ पासून कॅनडातल्या फेअरफॅक्सच्या मालकीची. ती त्यात बुडाली नाही.

कुकचे नाव बोटींवरून गेले, रीत राहिली. लक्सरच्या धक्क्याला आज बोटी एकीला एक चिकटून उभ्या असतात. पलीकडच्या बोटीवर जायचे तर मधल्या तीन-चार बोटींचे दिवाणखाने ओलांडावे लागतात, आणि खोलीचा पडदा सरकवला की नाईलऐवजी शेजारच्या बोटीतला पडदा दिसतो. एस्नाच्या बंधाऱ्याशी बोट पाणीपातळी बदलायला थांबते, तेव्हा खाली छोट्या होड्यांत उभे विक्रेते गलाबिया नावाचे पायघोळ झगे आणि टेबलपोस प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तीन मजले वर भिरकावतात. पसंत पडले तर त्याच पिशवीत पैसे घालून खाली टाकायचे, नाहीतर कापड परत फेकायचे. भाव वरून खाली ओरडून ठरतो. मराठी गट असला की यात भलतीच रंगत येते, घासाघीस आपल्याला शिकवावी लागत नाही.

मराठी पर्यटन कंपन्यांच्या इजिप्तच्या सहलींत बहुधा अशीच बोट असते, तीन किंवा चार रात्रींची. कार्यक्रमपत्रिका हाती आली की जेवणाच्या रकान्याआधी एडफूचा रकाना बघा. टॉलेमी राजांनी इसवी सनपूर्व २३७ मध्ये सुरू केलेले होरसचे ते देऊळ इजिप्तमधले सर्वांत सुस्थितीतले आहे. त्याला तासभरच दिला असेल तर चार रात्रींची बोट मागा. आणि अबू सिंबेल त्या बोटीच्या वाटेवर नाही, अस्वानहून रस्त्याने साडेतीन तास लागतात. ते कार्यक्रमात धरले आहे की वेगळे पैसे द्यायचे, हे पैसे भरण्याआधीच विचारून घ्या.