उंदीर कुणी मारला?

१९९४च्या सप्टेंबरमधली गोष्ट. गणपतींचं विसर्जन नुकतंच झालं होतं. सुरतेत प्लेग आल्याच्या बातम्या पेपरात आल्या आणि दोन दिवसांत आमच्या गिरगावात नाकाला रुमाल बांधलेली माणसं दिसू लागली. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात टेट्रासायक्लिन मिळेनासं झालं. त्याच आठवड्यात एका सकाळी आमच्या मनीने आजीच्या अंथरुणाशी मेलेला उंदीर आणून ठेवला.

मनी हे नेहमीच करायची. उंदीर आणायचा, खायचा नाही, आणि पलीकडे बसून पंजे चाटायचे. आई किंचाळायची. आजी मात्र खराट्याची काडी घेऊन उंदीर उलटा करायची आणि त्याच्या मानेकडे निरखून बघायची. "दात लागलेत. हिनेच मारलाय," म्हणून मग वर्तमानपत्रात गुंडाळून टाकून द्यायची. त्या दिवशी तिने दोनदा उलटापालटा करून पाहिला. दात दिसले नाहीत. "कुणी जवळ येऊ नका," असं म्हणून तिने अंघोळीसाठी तापवलेलं कढत पाणी त्याच्यावर ओतलं, आणि मग चिमट्याने उचलला. तो चिमटा पुन्हा स्वयंपाकघरात आला नाही.

उंदीर मेलाय हे दिसत असताना तो कुणी मारला याची चौकशी कशाला? आजीला ही सवय तिच्या सासूकडून लागली होती आणि सासूने प्लेगची मुंबई पाहिली होती. त्या मुंबईत घरात मेलेला उंदीर दिसणं म्हणजे दोनपैकी एक गोष्ट होती. एकतर मांजराने शिकार केली, नाहीतर बिऱ्हाड सोडायची वेळ आली.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांची वस्ती, आणि धान्य तिथे उंदीर. आठ लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरातून पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं गावाकडे निघून गेली. 'उंदीर पडणं' हा शब्दप्रयोग तेव्हा घरोघरी झाला. उंदीर पडायला लागले की माणसं पडणार, हे लोकांना अनुभवाने कळलं होतं. सरकारी यंत्रणा मात्र रोग घाणीत आणि जमिनीत आहे असं धरून गटारं धूत होती, घरांना चुना फासत होती, छपरं उघडून ऊन आत घेत होती. गटारं धुतल्यावर उंदीर कुठे जातील, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा सापडायला काही वर्षं जावी लागली. १८९८मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्लेग झालेला उंदीर काचेच्या भांड्यात ठेवला, जवळच निरोगी उंदीर ठेवला, आणि पिसवांमुळे रोग पसरतो असं दाखवलं. या प्रयोगासाठी पिसवा कमी पडू नयेत म्हणून त्याने त्या काढल्या होत्या एका मांजराच्या अंगावरून. इतिहासात मांजर आलं ते असं, मागच्या दाराने. सिमाँवर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही.

पुढचं काम झालं परळला. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. तिथल्या ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांमध्ये गिनिपिग मोकळे सोडले आणि थोड्या वेळाने त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजल्या. त्या उंदरांच्या पिसवा होत्या. उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसू ते सोडते आणि दुसरं ऊबदार अंग शोधते. १९०५नंतर प्लेग कमिशनने परळमध्येच हे प्रयोग मोठ्या प्रमाणावर केले. जमिनीवर ठेवलेल्या गिनिपिगना प्लेग झाला, जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेल्यांना झाला नाही. पिसू तितकी उंच उडी मारू शकत नाही.

कमिशनने आणखी एक गोष्ट नोंदवली. मुंबईत प्लेग आधी गटारातल्या मोठ्या तपकिरी उंदरांमध्ये पसरे. मग साधारण दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांमध्ये, आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांत माणसांत. म्हणजे चाळीतल्या बाईच्या हाती असलेला वेळ होता तो एवढाच: घरातला पहिला उंदीर पडण्यापासून घरातला पहिला ताप येईपर्यंत.

आता सहज सुचणारा उपाय म्हणजे मांजर पाळा. तो सुचला अमरावतीत. भारतीय वैद्यकीय सेवेतले लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी वऱ्हाडातल्या गावांमध्ये चक्क मांजरांची मोजणी करून घेतली. ज्या गावांत निदान निम्म्या घरांत मांजर होतं तिथे प्लेग जवळपास फिरकला नाही, असा त्यांचा दावा होता. १९०८मध्ये त्यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. मांजराला प्लेग-निवारक म्हणावं असं त्यांचं म्हणणं.

मला हा माणूस आवडतो. मुंबईत अधिकारी छपरं उचकटत होते, तेव्हा हा मांजरं मोजत होता. पण त्यांची मोजणी वाचताना मला आमची चाळ आठवते आणि प्रश्न पडतो, मनी कुणाच्या घरात मोजली असती?

मनी आमची, असं आम्ही समजायचो. शेजारच्या खोलीत तिला 'सोनी' म्हणत, कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडात 'वाघ्या', तेही ती मादी आहे हे ठाऊक असताना. मांजरं स्वतःचं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात असं जपानी संशोधकांनी २०१९मध्ये दाखवलं. मनी तिन्ही नावं ओळखत असणार. कुठल्या नावाला कधी जायचं, हे ती कुणाच्या चुलीवर मासळी आहे त्यावरून ठरवायची. पिल्लं झाली की ती सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. मनीने एकदा खरोखरच गॅलरीतल्या सहा खोल्यांतून पिल्लं नेली आणि शेवटी माळ्यावरच्या गाद्यांच्या गठ्ठ्यात ठेवली. यामागे लहर नसते. एका जागी पिल्लं राहिली की तिथे वास साठतो, वासावर बोका आणि कुत्रा येतो, पिसवा वाढतात. जागा बदलणं हे पिल्लं जगवण्याचं तंत्र आहे. पण जनगणनेसाठी हे मोठं गैरसोयीचं. एक मांजर सात घरांत मोजलं जाईल, किंवा एकाही घरात नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. मांजर उंदीर मारतं ते आपल्यासाठी नाही, आणि पुष्कळदा पोटासाठीही नाही. पोट भरलेलं मांजरसुद्धा शिकार करतं, कारण भूक आणि शिकार या त्याच्या अंगी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंदीर काही वाट बघत थांबत नाही. भूक लागेपर्यंत थांबणारं मांजर उपाशी मेलं असतं. म्हणून मनी दूधपोळी खाऊन शिकारीला जायची आणि उंदीर न खाता ठेवून द्यायची.

तो आजीच्याच अंथरुणाशी का? मांजरी पिल्लांना आधी मेलेली शिकार आणून देते, मग अर्धमेली, म्हणजे मारायचं कसं ते पिल्लं शिकतात. त्यावरून लोक म्हणतात, मांजर आपल्याला शिकवतं किंवा भेट देतं. हे कुणी सिद्ध केलेलं नाही. साधं उत्तर असं, की शिकार सुरक्षित जागी न्यायची असते, आणि चाळीच्या त्या गजबजाटात मनीला सगळ्यात सुरक्षित जागा आजीची वाटत होती. मला हे भेटीपेक्षा मोठं वाटतं.

मारण्याआधी खेळवण्याचंही तसंच. आम्हाला ती क्रूर वाटायची. पण जीव घेणारा चावा मानेवर घ्यावा लागतो, म्हणजे स्वतःचे डोळे उंदराच्या दातांजवळ न्यावे लागतात. उंदीर आधी दमवलेला बरा. आणि उंदीर फार मोठा असेल तर मांजर त्या भानगडीत पडतच नाही. आमच्या चाळीमागच्या गल्लीत घुशी होत्या, मनीच्या निम्म्याने तरी. ती भिंतीवर बसून त्यांच्याकडे बघायची आणि त्या कचऱ्यात शांतपणे चरायच्या. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २०१७-१८ साली संशोधकांनी कचऱ्याच्या एका केंद्रात ७९ दिवस कॅमेरे लावले. उंदरांची मोठी वसाहत आणि मोकळी मांजरं शेजारी शेजारी होती. एवढ्या दिवसांत मांजरांनी मारलेले उंदीर किती? दोन.

कमिशनच्या नोंदीशेजारी हे ठेवून पाहावं. मुंबईत रोग सुरू व्हायचा गटारातल्या मोठ्या उंदरांमध्ये, ज्यांच्या वाटेला मांजर सहसा जात नाही. ते पकडतं घरातले छोटे काळे उंदीर. वऱ्हाडातल्या खेड्यात घरातलाच उंदीर मुख्य, म्हणून ब्यूकॅनन यांच्या म्हणण्यात तथ्य असूही शकेल. मुंबईच्या गटारांपुढे मात्र मांजर अपुरं होतं. शिवाय मांजराला स्वतःलाही प्लेग होतो, आणि त्याच्या अंगावरून पिसवा घरात येतात.

आजीच्या तपासणीतली खोट मला इथे दिसली. प्लेग झालेला उंदीर सुस्तावतो, झिंगल्यासारखा चालतो, उजेडात येतो. मांजराला असा उंदीर मिळणं सर्वांत सोपं. म्हणजे मानेवर दात उमटलेले असले तरी उंदीर निरोगी होता असं ठरत नाही. उलट, आजारी होता म्हणूनच सापडला असेल. पणजीने ज्या खुणेवर विश्वास ठेवून कित्येक सकाळी सुटकेचा श्वास घेतला असेल, ती खूण खात्रीची नव्हती.

त्या चाळी आता एकेक करून पडताहेत. लालबाग-परळच्या गिरण्या १९८२च्या संपानंतर हळूहळू बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागी टॉवर आले. महापालिका अजून रात्रपाळीला उंदीर मारणारी माणसं पाठवते. हातात काठी आणि बॅटरी, रात्रीला तीस उंदरांचा हिशेब. मांजराला असा हिशेब कुणी लावू शकलं नाही, म्हणून माणसं नेमावी लागली. प्लेग गेला, पण उंदराच्या मुतातून होणारा लेप्टो दर पावसाळ्यात असतोच. २६ जुलै २००५च्या पुरानंतर तो कसा पसरला ते मुंबईकर विसरलेले नाहीत.

मी आता दादरला तिसऱ्या मजल्यावर राहते. आमची मांजर रात्री कोऱ्या भिंतीकडे तोंड करून अर्धा अर्धा तास बसते. पाहुणे घाबरतात, भूतबीत दिसतंय म्हणतात. उंदरांचं पुष्कळसं बोलणं आपल्या कानांना ऐकू येत नाही इतक्या बारीक आवाजात चालतं. आपली हद्द वीस हजार कंपनांपाशी संपते, मांजराला त्याच्या तिपटीहून वरचंही ऐकू येतं. ती बघत नसते, ऐकत असते. भिंतीत डक्ट आहे.

मागच्या पावसाळ्यात तिने पहिला उंदीर आणला आणि माझ्या उशीशी ठेवला. मी खराट्याची काडी शोधली, मग आठवलं की दात बघून काहीच कळत नाही. गॅसवर पाणी ठेवलं. उकळल्यावर उंदरावर ओतलं, हातमोजे घालून पिशवीत भरला, फरशी फिनेलने पुसली, आणि मांजरीला धरून तिच्या अंगावरून पिसवांची फणी फिरवली. ती भयंकर चिडली. आजीचं निदान चुकीचं होतं, पण उपाय बरोबर होता. गार होत जाणाऱ्या उंदरावरून पिसू उडते कधी, हे परळच्या प्रयोगशाळेला कळायला वर्षं लागली. कढत पाणी आधी आणि चिमटा नंतर, हा क्रम गिरगावातल्या एका बाईला आपल्या सासूकडून मिळाला होता.