पीळ दिला म्हणजे पुसलं असं नाही

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, निवृत्त फौजी माणूस फोटो एडिटिंगवर काय बोलणार? पण या विषयाचं मूळ नकाशात आहे, आणि नकाशा हा आमच्या रोजच्या कामाचा भाग. प्रश्न साधा आहे: संगणकावर एखाद्या चेंडूवर भोवऱ्यासारखी नक्षी कशी उमटवतात? उत्तर शोधत गेलं, की आपण थेट एका गुन्ह्याच्या तपासापर्यंत पोहोचतो.

सुरुवात पृथ्वीपासून करू. गोल वस्तू सपाट कागदावर उतरवली, की काहीतरी ताणलं जातंच. गेरार्डस मर्केटरने 1569 साली प्रसिद्ध केलेल्या जगाच्या नकाशात दिशा बरोबर राहिल्या, पण क्षेत्रफळं बिघडली. त्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या साधारण 14 पट आहे. सैन्यात नकाशा-वाचन शिकताना खरी उत्तर, ग्रिडची उत्तर आणि चुंबकीय उत्तर अशा तीन उत्तरा घोकाव्या लागतात. त्यातल्या पहिल्या दोन एकमेकींशी जुळत नाहीत, कारण पृथ्वी गोल आणि कागद सपाट. मात्र हा बिघाड नियमाने झालेला असतो. नियम माहीत असला, की सपाट नकाशावरून गोल पृथ्वीवरचं ठिकाण अचूक काढता येतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उलटा प्रवास. सपाट चित्र गोल वस्तूवर चढवायचं. 1974 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात एड कॅटमुल यांनी आपल्या प्रबंधात वक्र पृष्ठभागावर चित्र गुंडाळण्याची रीत मांडली. तिला टेक्स्चर मॅपिंग म्हणतात. हेच कॅटमुल पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले. 1979 साली व्हॉयेजर यानं गुरू ग्रहाजवळून गेली. त्या मोहिमेची संगणकीय चलचित्रं नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत जिम ब्लिन यांनी तयार केली. गुरू म्हणजे पट्ट्यांचा आणि भोवऱ्यांचा गोळाच. त्याचा तो प्रसिद्ध तांबडा डाग हे एक प्रचंड वादळ आहे.

हे सगळं मोठ्या प्रयोगशाळांत चाललं होतं. ते घराघरांत आणलं दोन भावांनी. थॉमस नोल 1987 साली मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करत होते, तर जॉन नोल चित्रपटांच्या स्पेशल इफेक्ट्सचं काम करत होते. दोघांच्या खटपटीतून फोटोशॉप जन्मलं आणि फेब्रुवारी 1990 मध्ये अडोबीने ते बाजारात आणलं. फोटोशॉपच्या फिल्टरमध्ये डिस्टॉर्ट नावाचा गट आहे. त्यातला ट्वर्ल चित्राला पीळ देतो, तर स्फेराइज चित्र गोलावर चढवल्यासारखं फुगवतो. विकत घ्यायचं नसेल तर गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात व्हर्ल अँड पिंच आणि मॅप ऑब्जेक्ट ही अवजारं आहेत.

काम करताना क्रम महत्त्वाचा. आधी सपाट रंगीत पट्ट्या काढा. मग त्यांना पीळ द्या. मग गोलावर चढवा. उजेड आणि सावली सगळ्यात शेवटी, वेगळ्या लेअरवर. चमक आधी टाकून नंतर पीळ दिला, तर चमकही पिळली जाते आणि चेंडू चपटा दिसू लागतो. काचेची गोटी हातात फिरवून पाहा. नक्षी गोटीबरोबर फिरते, पण खिडकीच्या उजेडाचा ठिपका जागचा हलत नाही. नक्षी गोटीची, उजेड खोलीचा.

पीळ देताना संगणक काय करतो? प्रत्येक ठिपक्याचं केंद्रापासूनचं अंतर तेवढंच ठेवतो आणि कोन बदलतो. केंद्राजवळ जास्त, कडेला शून्य. म्हणजे ठिपके पुसले जात नाहीत, फक्त जागा बदलतात. कोन आणि केंद्र ओळखून तेवढाच उलटा पीळ दिला, की मूळ चित्र बऱ्याच अंशी परत येतं. थोडी धूसरता राहते, इतकंच.

हे न कळल्यामुळे एक गुन्हेगार पकडला गेला. लहान मुलांवर अत्याचार करून त्याने स्वतःचे फोटो इंटरनेटवर टाकले होते. चेहऱ्याला भोवऱ्यासारखा पीळ दिला होता. आपण ओळखू येणार नाही, अशी त्याची खात्री होती. जर्मनीच्या केंद्रीय पोलिसांतल्या तज्ज्ञांनी तो पीळ उलगडला आणि माणसाचा चेहरा समोर आला. 8 ऑक्टोबर 2007 रोजी इंटरपोलने तो चेहरा जगासमोर ठेवून ओळख विचारली. जगभरातून लोकांनी माहिती कळवली. 19 ऑक्टोबरला, म्हणजे अवघ्या 11 दिवसांत, थायलंडमध्ये त्याला अटक झाली. तो कॅनडाचा नागरिक होता आणि शाळेत शिकवत असे. पुढे शिक्षाही झाली.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण म्हणतो. इथे उलट घडलं. पीळ गेला आणि सुंभ जसाच्या तसा हाती आला.

या इतिहासाचा तुमच्या-आमच्याशी संबंध आहे. लपवणं आणि नष्ट करणं यांत फरक आहे. छावणीवर जाळी टाकली तरी छावणी जागेवरच असते, आणि शत्रूला जाळी ओळखता येते. ओळखपत्राचा फोटो कुणाला पाठवताना नंबरावर पीळ देऊ नका, नुसता धूसरही करू नका. त्या जागी गडद काळा रंग भरा आणि सगळे लेअर एकत्र करून नवी प्रत साठवा. पीडीएफमध्ये अक्षरांवर काळी पट्टी ठेवली, तर खाली अक्षरं शाबूत राहू शकतात. पट्टीखालचा मजकूर निवडून कॉपी होतो का, ते पाठवण्याआधी स्वतः तपासा. नातवंडांचे फोटो टाकतानाही हाच नियम लावा. चेहरा दाखवायचा नसेल, तर तो भाग कापूनच टाका.

चेंडूवर भोवरा काढायची हौस जरूर करा. मुलांना शिकवा, त्यात भूमितीही आहे आणि मजाही. फक्त पिळावर गुपित सोपवू नका.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.