बाळापूरचा गारा आणि लो गिअर

१७२०च्या ऑगस्टमध्ये बाळापूरजवळ निजाम-उल-मुल्क आणि आलम अली खान समोरासमोर आले. आलम अली सय्यद बंधूंचा पुतण्या, विशीतला. त्याच्या बाजूनं मराठी फौजही होती. तो मारला गेला आणि निजामाचा दख्खनचा रस्ता मोकळा झाला. उरलंसुरलं १७२४ला साखरखेर्ड्यानं निकालात काढलं. शाळेत ही लढाई एका ओळीत संपते. दिवस भर पावसाचे होते, हे कुणी सांगतच नाही. काळ्या मातीत तोफा ओढणाऱ्या बैलांचं काय झालं असेल, याचा अंदाज मला मामाच्या जुन्या जीपमध्ये आला.

पांदणीत चाकं गाऱ्यात बसली की पाय आपसूक ॲक्सिलरेटरवर जातो. तिथंच घोटाळा. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते. गुळगुळीत झालेलं चाक मग जागेवरच खड्डा खणत बसतं. मामा म्हणाला, “लो लाव, क्लच सोड अन् पाय बाजूले ठेव. गाडी आपली आपच निंगते.” निघाली!

१९४१च्या विलीज जीपमध्ये हीच युक्ती होती. ट्रान्सफर केसमधला १.९७चा लो गिअर : वेग निम्मा, ओढ जवळपास दुप्पट. युद्धासाठी बनलेली ही गाडी स्वातंत्र्यानंतर महिंद्रानं मुंबईत जोडायला घेतली आणि पुढं आपल्या पांदणींपर्यंत पोचली.

तोफेच्या गाड्याला मात्र गिअर नव्हता. ओढ दुप्पट हवी तर बैल दुप्पट जुंपायचे, आणि भर पावसात त्यांचा चाराही मागून त्याच गाऱ्यातून आणायचा.