फ्रीबीएसडीचे भांडार : सीव्हीएस ते गिट

१९९३ मध्ये सुरू झालेल्या फ्रीबीएसडी या मुक्त संगणकप्रणालीचा मूळ कोड प्रारंभी सीव्हीएस या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत, म्हणजे कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत, राखला जात असे. सीव्हीएस प्रत्येक फाइलचा इतिहास स्वतंत्र फाइलीत साठवी, त्यामुळे एखादी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की तिचा इतिहास मागेच राही, आणि तो सोबत न्यायचा तर भांडार सांभाळणाऱ्यांना सर्व्हरवर त्या इतिहास-फाइलीचीच हाताने नक्कल करावी लागे. ही युक्ती सोयीची खरी. पण तारीख देऊन जुना कोड मागवल्यास त्या काळी तेथे नसलेली फाइलही हजर होई, आणि नोंदवहीच्या दृष्टीने हा दोष गंभीरच म्हटला पाहिजे. २००८ मध्ये स्वीकारलेल्या सबव्हर्जनने अनेक फाइलींतील एकत्रित बदलाला एकच क्रमांक दिला. डिसेंबर २०२० मध्ये मूळ कोड गिटमध्ये गेला, तरी जुन्या शाखांवर विसंबलेल्यांसाठी तेथील बदल काही काळ सबव्हर्जनमध्येही उतरवले जात. पोर्ट्स, म्हणजे बाहेरील सॉफ्टवेअर बसवण्याच्या कृतींचा संग्रह, २०२१ मध्ये गिटमध्ये आला.