सर्जनच्या प्रश्नांमागचा इतिहास

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची चौकशी करायला आलेल्या माणसाला पहिल्या भेटीत अनपेक्षित प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. रात्री घोरता का? झोपेत श्वास अडकून जाग येते का? तंबाखू, सिगारेट, दारू? आजवर डाएट कितीदा केलं, किती किलो उतरले, किती परत आले? येत्या वर्षभरात मूल हवं आहे का? मानेचा घेरही टेपने मोजला जातो. पुष्कळांना ही उलटतपासणी वाटते. पण यातल्या बऱ्याच प्रश्नांमागे आधीच्या रुग्णांनी सोसलेलं काहीतरी आहे.

सुरुवातीला जठराला हात न लावता आतड्यालाच वळसा दिला जाई. मिनेसोटा विद्यापीठातल्या आर्नल्ड क्रेमेन आणि जॉन लिनर यांनी १९५४ साली याबद्दल लिहिलं. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड यांनी ही पद्धत रूढ केली. लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब असतं. त्यातला वरचा ३५ सेंटीमीटरचा तुकडा शेवटच्या १० सेंटीमीटरला जोडायचा आणि मधला सगळा भाग अन्नाच्या वाटेतून काढून टाकायचा. वजन झपाट्याने उतरायचं, त्याबद्दल वादच नव्हता. पण पाठोपाठ न थांबणारे जुलाब, मूतखडे, सांधेदुखी, जीवनसत्त्वांची कमतरता यायची. काहींचं यकृत निकामी झालं, काही दगावले. कित्येकांना आतडी पूर्ववत जोडून घेण्यासाठी पुन्हा टेबलावर जावं लागलं. १९८०च्या सुमारास ही शस्त्रक्रिया मागे पडली.

दुसरी वाट आयोवा विद्यापीठात सापडली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं आणि पुन्हा वाढत नाही, हे एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं. १९६६ साली त्यांनी चिकाशी इटो यांच्यासोबत जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून थेट आतड्याला जोडला. आजच्या गॅस्ट्रिक बायपासचं मूळ ते हेच. मेसन यांचा मोठेपणा मात्र या शोधापुरता नाही. ऑपरेशन झालेल्या रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं, त्यांच्या नोंदी एकत्र करायच्या, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला. शंभरी पूर्ण करून २०२० साली ते गेले.

अशा नोंदींतून प्रश्न तयार होत गेले. धूम्रपान करणाऱ्यांच्या जोडावर अल्सर होतो. बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर चढते. वजन वेगाने उतरत असताना गर्भ राहिला, तर पोषण कमी पडू शकतं. म्हणून वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. घोरणाऱ्याला झोपेत श्वास अडकण्याचा विकार (स्लीप ॲप्निया) असेल, तर भूल देताना धोका वाढतो. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याल ना, हे तर खडसावूनच विचारायला हवं.

पहिल्या भेटीतली आकडेमोडही अशीच ठरली. मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ४० असेल, किंवा ३५ आणि जोडीला गंभीर आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. आणि निर्णय एकट्या सर्जनचा नसावा, फिजिशियन, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञही सोबत हवेत, असं तिथे ठरलं. १६० सेंटीमीटर उंचीच्या बाईसाठी ४० म्हणजे जवळपास १०२ किलो, ३५ म्हणजे ९० किलो.

हे माप आपल्या अंगाला बसत नाही, हे पुण्याने जगाला दाखवलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच उदाहरणं दिली. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय माणूस आतून चरबीदार असतो आणि त्याला मधुमेह कमी वजनावर गाठतो. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनीही आशियाई रुग्णांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा २७.५ वर आणली. त्याच बाईसाठी हे साधारण ७० किलो होतात.

विम्याचे कागद अजून तिथवर पोचलेले नाहीत. विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिलेल्या कलमात ४० आणि ३५ हेच आकडे आहेत. ३५ला सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा तीव्र स्लीप ॲप्निया यांसारखा आजार लागतो. हे कलम बदलायला हवं. तोवर पहिल्या भेटीला जाणाऱ्यांनी मधुमेहाचे जुने रिपोर्ट, डाएटच्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या, वजनाच्या तारीखवार नोंदी फाइलला लावून न्याव्यात. कमी त्रासाचे उपाय आधी करून पाहिले आणि ते फसले, याचा पुरावा त्याच कलमात मागितलेला आहे.