मरुत विमान आणि त्याचें एंजिन

टिटवाळ्यावरून उत्तरेकडे जाणारी लांब पल्ल्याची आगगाडी बहुधा कसाऱ्यास थांबते. तेथें तिला मागून जादा एंजिनें जोडतात, आणि मग ती थळ घाट चढून इगतपुरीस पोहोंचते. लढाऊ विमानास अशी सोय नाहीं. त्याचा पराक्रम त्याच्या पोटांतील एंजिनावरच ठरतो. भारतांत आखलेल्या पहिल्या जेट लढाऊ विमानाचा, म्हणजे ‘मरुता’चा, इतिहास हेंच सांगतो.

जेट एंजिनाचें तत्त्व सोपें आहे. पुढून हवा ओढावयाची, ती दाबावयाची, तिच्यांत इंधन जाळावयाचें आणि तापलेला वायु वेगानें मागें सोडावयाचा. तोफ उडतांना मागें हटते, त्याच न्यायानें विमान पुढें रेटलें जातें. परंतु हा वायु बाहेर पडतां पडतां एक पातीदार चक्र फिरवितो, आणि हवा दाबण्याचें काम त्या चक्राच्या जोरावर चालतें. तीं पातीं प्रखर उष्णतेंत व प्रचंड वेगांत टिकलीं पाहिजेत. खरी विद्या त्या धातूंत आहे.

१९५६ सालीं जर्मन विमानशिल्पी कुर्ट टांक बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत आले. त्यांच्याबरोबर एतद्देशीय अभियंत्यांचें नेतृत्व करणारे डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडील होते. जर्मनींत गटिंगेन येथें प्राध्यापक प्रांट्ल यांच्या हाताखालीं त्यांनीं वायुगतिशास्त्राचें अध्ययन केलें होतें; १९५१ सालीं उडालेलें ‘एच. टी.-२’ हें शिकाऊ वैमानिकांचें विमान त्यांनींच आखलें होतें.

१७ जून १९६१ रोजीं सुरंजन दास यांनीं मरुत प्रथम आकाशांत नेलें. ध्वनीच्या दुप्पट वेगाचें ध्येय ठेवून त्याची घडण झाली होती. त्यासाठीं ब्रिटनमध्यें तयार होत असलेलें ‘ऑर्फियस १२’ हें एंजिन हवें होतें. परंतु तेथें त्याचें काम थांबलें, आणि पुढील खर्च उचलण्यास भारत सरकार तयार झालें नाहीं. मग सुमारें २,२०० किलो रेट्याच्या जुन्याच दोन ‘ऑर्फियस’ एंजिनांवर भागवावें लागलें. विमान ध्वनीच्या वेगापाशींच अडखळलें.

उपाय पुष्कळ झाले. इजिप्तमध्यें तयार होत असलेलें एंजिन १९६७ सालीं एका मरुतावर बसवून पाहिलें. तो उद्योगहि पुढें बंद पडला. जुन्याच एंजिनाच्या झोतांत पुन्हा इंधन जाळून रेटा वाढविण्याचे प्रयोग झाले. १० जानेवारी १९७० रोजीं अशा विमानाची चांचणी घेतांना उड्डाण होतांच अपघात झाला आणि दास मृत्यु पावले.

तथापि मरुत टाकाऊ नव्हतें. एकंदर १४७ विमानें तयार झालीं, आणि १९७१ च्या युद्धांत राजस्थानच्या आघाडीवर त्यांनीं उत्तम कामगिरी केली. उणीव देहाची नव्हती, बळाची होती.

पुढें १९८९ सालीं ‘कावेरी’ या स्वदेशी एंजिनाचें काम हातीं घेण्यांत आलें. तें वेळेवर सिद्ध न झाल्यानें ‘तेजस’ विमान ४ जानेवारी २००१ रोजीं अमेरिकन एंजिनावर उडालें. २०२५ सालीं नाशिकजवळ ओझर येथें बांधलेलें तेजस उडालें, तेंहि तशाच एंजिनावर. विमानाचा आराखडा थोर शिल्पी पांचसात वर्षांत देऊं शकतो. एंजिनाची विद्या मात्र भट्टींत व चांचणीगृहांत, अपयशाचा खर्च सोशीत, पिढ्यानुपिढ्या जोपासावी लागते. १९६० च्या सुमारास वांचविलेला पैसा म्हणूनच फार महाग पडला.