‘असणे’ क्रियापदाची भूत व संकेतार्थी रूपे : व्याकरणग्रंथ ते गिरणगाव

मराठी व्याकरणाच्या इतिहासात ‘असणे’ या क्रियापदाइतके नित्याचे आणि तितकेच अडचणीचे उदाहरण क्वचितच सापडेल. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले आणि क्रियापदाच्या रूपांना शालेय शिस्त लाभली. पुढे मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात पूर्वसूरींची मते तपासून हा विषय अधिक सूक्ष्मपणे मांडला.

अडचण अशी की, ‘असणे’चा साधा भूतकाळ त्याच्या स्वतःच्या धातूपासून होत नाही. ‘असला’ हे रूप ‘असला तर’ अशा रचनेत चालते. परंतु ‘तो काल घरी असला’ असे कोणी म्हणत नाही, ‘होता’ असेच म्हणतात. ‘तो रोज येत असे’ यातील ‘असे’ रीतिभूताचे. संकेतार्थ मात्र पुन्हा ‘अस’कडे वळतो : ‘तो असता, तर काम झाले असते.’ विध्यर्थी ‘तो घरी असावा’ यात कर्तव्य नसून तर्क आहे. नकारातही ‘नव्हता’ वस्तुस्थिती सांगतो, ‘नसता’ केवळ कल्पना.

स्पॅनिशमधील ‘सेर’ची तुलना येथे उद्बोधक ठरते. ‘एस’ (आहे) हे रूप संस्कृत ‘अस्’शी सगोत्र, तर ‘फुए’ (होता) हे ‘भू’शी, मराठी ‘होता’ही त्याच ‘भू’च्या कुळातला. फरक इतकाच की, स्पॅनिशचे ‘फुएरा’ हे संकेतरूप भूतरूपाच्याच अंगावर उभे राहते.

हा प्रश्न पुस्तकापुरता नव्हता. परळ-लालबागच्या गिरण्यांत तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून (१९८१ पासून सिंधुदुर्ग) आलेल्या अनेक कुटुंबांत मालवणी बोलली जाई. तीत पुल्लिंगी एकवचनी भूतरूप ओकारान्त असते : ‘बापूस इलो’, ‘तो होतो’. प्रमाण मराठीत मात्र ‘मी होतो’ हा भूतकाळ आणि ‘तो होतो’ हा ‘होणे’चा वर्तमानकाळ! अर्थात, मुलाच्या वहीतील ‘तो घरी होतो’ हे वाक्य शाळेच्या नियमाने काळाचीच चूक ठरते. वस्तुतः तेथे चूक नव्हती. दुसऱ्या बोलीचा, तितकाच काटेकोर नियम होता. शालेय व्याकरण ज्या प्रमाणभाषेवर बेतले गेले, तीत या ओकाराला जागा नव्हती.